सावकाश मॅडमची पाटी

पेंटरच्या बायकोला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे ‘सावकाश मॅडम’ म्हणत. तोंडावर नुसतं मॅडम, पाठीमागे सावकाश मॅडम. एका विमा एजंटाने गाडी शिकता शिकता मोजलं होतं, तासाभराच्या शिकवणीत ती एक्केचाळीस वेळा ‘सावकाश’ म्हणते. ‘आणि त्यातल्या तीस वेळा गाडी उभीच होती,’ असंही तो सांगत फिरे, पण विमावाल्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं.

शिकवणीच्या छोट्या पांढऱ्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा तिच्या. नऊ वर्षं तो दुसरा ब्रेक दाबून तिच्या पायाला अशी सवय लागली होती की घरी सोफ्यावर बसून बातम्या बघताना पडद्यावर एखादी गाडी वळली, तरी पाय आपोआप खाली जाई. पेंटर शेजारीच बसलेला असे आणि त्याचा पंजा नेमका त्या पायाखाली येई. ताशी वीस किलोमीटर हा तिच्या मते सभ्य माणसाचा वेग. तिशीला माणूस उतावळा आणि चाळिशीला बेजबाबदार. अशा बाईने बत्तिसाव्या वर्षी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरावं, यावर तिच्या विद्यार्थ्यांचा विश्वास बसला नाही. काहींचा अजूनही बसलेला नाही.

खापर फोडायचंच तर ते मोटरसायकल क्लबच्या सेक्रेटरीवर फोडावं लागेल. हा गृहस्थ जन्मभर दोन चाकांवर फिरला आणि पन्नाशीत चार चाकं शिकायला आला. त्याला गाडी मागे घ्यायला काही केल्या जमेना. सातव्यांदा रबरी खांब आडवा पाडल्यावर तो घाम पुसत म्हणाला, “मॅडम, माझं हसं करू नका. रविवारी आमच्या ट्रॅकवर या, मग बघू कोण कोणाला शिकवतं.”

ती गेली. वही-पेन घेऊन गेली. तासभर कठड्याशी उभी राहून तिने धावणाऱ्यांच्या चौदा चुका लिहून काढल्या आणि त्या सेक्रेटरीला वाचून दाखवल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या हातात हेल्मेट दिलं. पाच फेऱ्या मारून ती घरी आली तेव्हा पेंटर जिन्यात बसून एका दवाखान्याच्या नावाची पाटी रंगवत होता. ती त्याच्या शेजारी पायरीवर धपकन बसली.

“पडलीस का?” त्याने विचारलं.

“नाही रे. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून बसलेय. आज चुकलं तर माझं आणि जमलं तर तेही माझंच होतं. मला फार आवडलं.”

पेंटरने दवाखान्यातला ‘वा’ अर्धा ठेवून ब्रश खाली ठेवला. एखादी गोष्ट आवडली असं ती वर्षातून एकदा म्हणे, तेही बहुधा चपलांच्या बाबतीत. त्यामुळे हे प्रकरण साधं नाही, हे त्याने तिथेच ओळखलं.

क्लबच्या पहिल्या शर्यतीत चौदा जण होते, ती अकरावी आली. शर्यतीच्या मोटरसायकलला आरसे नसतात, पण म्हणून मागे न बघता बाजूला सरायचं हे तिच्या तत्त्वात बसेना. पुढच्याला गाठलं की ती आधी मान वळवून मागे बघे, मग हात दाखवे, आणि मग पुढे जायला निघे. तोवर पुढचा वळणापलीकडे गेलेला असे. शर्यत संपल्यावर एक पिकल्या मिशांचा जुना स्पर्धक तिला शोधत आला.

“बाई, सहाव्या फेरीत तुम्ही मला हाताने खूण केलीत. पुढे जा अशी?”

“तुम्ही घाईत दिसलात.”

“तीस वर्षं शर्यती करतोय,” तो म्हणाला, “पण मला वाट कोणी दिली नव्हती. आभारी आहे.”

वाट देण्याची सवय सुटायला तिला अख्खा मोसम लागला. तोवर घरातली दोन माणसंही या भानगडीत ओढली गेली होती. पैकी सासूबाई तर स्वतःहून उडी मारून आल्या होत्या.

सासूबाई शाळेत एकतीस वर्षं खेळाच्या बाई होत्या. काळ्या दोरीत ओवलेलं गळ्यातलं स्टॉपवॉच निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी उतरवायला सांगितलं, ते त्यांनी उतरवलं नाही. पळणाऱ्या पोराला त्यांनी कधी एक दशांश सेकंदाची सूट दिली नाही, मग ते हेडमास्तरांचं पोर का असेना. सून शर्यतीत उतरतेय म्हटल्यावर शेजारणींना वाटलं, आता म्हातारी डोक्यात राख घालून घेणार. म्हातारीने विचारलं, “फेरी किती सेकंदांची?” सुनेला ते माहीत नव्हतं, आणि सासूबाईंना राग आला तो एवढ्याचाच.

दुसरा माणूस म्हणजे पेंटर. धावणाऱ्याला वेगात आपण कुठे आहोत ते कळत नाही, म्हणून ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवरून दर फेरीला त्याला एक पाटी दाखवतात. कितवा नंबर, मागचा किती सेकंदांवर, फेऱ्या किती उरल्या. आता पाटी म्हटल्यावर पेंटर मागे राहतो थोडाच. त्याने आठ दिवस खपून आकड्यांचा संच तयार केला. पिवळे आकडे, त्यांना लाल सावली, कडेने बारीक सोनेरी रेघ. क्लबचे लोक बघून तोंडात बोटं घालून गेले. शर्यतीनंतर त्याने मोठ्या आशेने विचारलं, “आठ कसा दिसला?”

“आठ होता तो?” ती म्हणाली. “मला वाटलं कोणाचा तरी शर्ट वाळत घातलाय.”

त्यानंतर काळी पाटी, जाडा पांढरा खडू आणि ओलं फडकं. पेंटर आठवडाभर घुम्यासारखा वागला, पण आकडे वाचता येऊ लागले. कामाची पद्धत अशी ठरली की सासूबाई मागे घडीच्या खुर्चीवर बसून वेळ घेणार आणि मैदानावरच्या आवाजात आकडा ओरडणार, पेंटर तो लिहिणार आणि पाटी भिंतीवरून बाहेर धरणार. पाटीचं तोंड ट्रॅककडे असे, त्यामुळे सासूबाईंना दिसायची ती पाटीची पाठ. पेंटरने काय लिहिलं ते फक्त धावणारी वाचत असे. पुढचं सगळं रामायण घडलं ते एवढ्यामुळेच.

दुसऱ्या मोसमात ती सहावी, पाचवी अशी येऊ लागली. एका शर्यतीत चौथी होती आणि मागचा जवळ येत चालला होता. सासूबाई ओरडल्या, “चार दशांश!” पेंटरने इमानाने तेच लिहिलं. तिने वाचलं, आणि ज्या बाईने जन्मभर ‘ब्रेक आधी, वळण नंतर’ हे वाक्य लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, तिने घाबरून ब्रेक उशिरा मारला. मोटरसायकल एकीकडे गेली, ती दुसरीकडे. गळ्याजवळचं हाड मोडलं.

सहा आठवडे डावा हात झोळीत होता. तशीच ती शिकवणीला जाई, आणि झोळीकडे बघून विद्यार्थी कधी नव्हे इतकी जपून गाडी चालवत. घरी तिची वेणी पेंटर घाली. भांग तो असा पाडी की पट्टी लावून बघावी. सकाळी तिच्या मागे उभं राहून केस विंचरताना त्याला ते सुजलेलं हाड दिसे, आणि ‘चार दशांश’ हा आपल्या हातचा आकडा आठवे. आकडा खरा होता, पण लिहिला कोणी? पेंटर मुळात भित्रा माणूस होता हे सांगायला हरकत नाही. उंच शिडीवर चढून नावं रंगवायचा तेव्हाही आधी शिडीला चार वेळा हलवून बघायचा. त्या सहा आठवड्यांत त्याने मनाशी काय ठरवायचं ते ठरवलं आणि कोणालाही सांगितलं नाही.

ती परत ट्रॅकवर उतरली तेव्हा सासूबाई ओरडल्या, “मागचा आठ दशांश!” पेंटरने लिहिलं, ३. त्या ओरडल्या, “नंबर सात!” त्याने लिहिलं, ५. नेहमी नाही, गरज वाटली तरच. जणू बाजारातून आणलेल्या सामानातलं थोडं डब्यामागे लपवून ठेवावं, तसा तो तिच्या भीतीपासून दोन-तीन सेकंद बाजूला काढून ठेवत होता.

आणि पंचाईत अशी की युक्ती लागू पडली. मागचा तीन सेकंदांवर आहे म्हटल्यावर ती निवांत वळणं घेई, आणि निवांत घेतलेली वळणं जास्त वेगात जात. क्लबचा निकालाचा कागद फक्त नंबर सांगे, सेकंद नाही, आणि शेवटच्या फेऱ्यांना नंबर तो खराच लिही, त्यामुळे पितळ उघडं पडायचा प्रश्न नव्हता. तिसऱ्या मोसमात ती क्लबमध्ये एकूण तिसरी आली. पहिल्या तिघांना राष्ट्रीय स्पर्धेचा परवाना मिळत असे. सत्काराच्या भाषणात सेक्रेटरी म्हणाला, “मॅडमची खासियत म्हणजे डोकं. मागे कोण का येईना, ही बाई ढिम्म!” टाळ्या पडल्या. तिने पेंटरच्या कानाशी येऊन सांगितलं, “खरंय त्याचं. माझं घाबरणं गेलंच रे. कुठे गेलं कोण जाणे.”

ते कुठे गेलं ते पेंटरला नेमकं माहीत होतं. त्याने चहाचा एवढा मोठा घोट घेतला की जीभ भाजली.

राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे वेगळंच जग. तिथल्या स्पर्धकांकडे ट्रक, तंबू, एका मोटरसायकलमागे तीन-तीन मेकॅनिक. आपली मंडळी पोचली ती ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या गाडीमागे ट्रॉली जोडून. गाडीच्या पाठीवर ‘शिकाऊ चालक’ ही पाटी तशीच होती. फाटकावरच्या अधिकाऱ्याने ती पाटी वाचली, मग मोटरसायकल बघितली, मग मागच्या सीटवर स्टॉपवॉच घालून ताठ बसलेल्या सासूबाई बघितल्या, आणि काही न विचारता आत सोडलं.

नियम सरळ होता. वर्षात पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याला नावं पस्तीस, पण शर्यतीला उभे राहणार चोवीसच. आदल्या दिवशी वीस मिनिटांची पात्रता चाचणी, आणि त्यातले वेळेने पहिले चोवीस आत. पहिल्या दोन टप्प्यांपैकी एकात तरी चोवीसमध्ये आला नाहीत, तर परवाना परत आणि पुन्हा क्लबात.

चाचणी सुरू झाली. सासूबाई नंबर दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडू लागल्या. “तीस! अठ्ठावीस! सव्वीस!” तीन मिनिटं उरली असताना त्या ओरडल्या, “पंचवीस! अरे, पंचवीस!” पेंटरने खडू टेकवला. समोरच्या सरळ रस्त्यावरून ती येत होती. त्याच्या डोळ्यांसमोर ते सुजलेलं हाड आलं, आणि दोन वर्षांच्या सवयीने हाताने आपलं आपण लिहिलं, २२.

तिने वाचलं, मान हलवली, पुढच्या फेरीला शर्यतीसाठी टायर राखून ठेवावेत म्हणून वेग कमी केला आणि हात वर करून आत वळली. पेंटर दोन्ही हात हलवत ओरडला, “परत जा! परत जा!” हेल्मेटमधून तिला वाटलं, नवरा आनंदाने नाचतोय. तिनेही हात हलवला. तो ‘परत जा’ म्हणतोय हे कळेपर्यंत इंजीन बंद झालं होतं, हेल्मेट निघालं होतं आणि वेळ संपली होती.

निकालाचा कागद भिंतीवर लागला. ती पंचविसावी होती. तिने कागद दोनदा वाचला.

“मी पंचवीसच म्हटलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “दोनदा म्हटलं.”

मग दोघींनी पेंटरकडे बघितलं. पाटी अजून त्याच्या हातात होती आणि तिच्यावर २२ अगदी सुबक अक्षरात लिहिलेलं होतं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“हाड मोडल्यापासून.”

तिने त्याच्या हातातून पाटी घेतली आणि भिंतीला पालथी टेकवली. एकतीस वर्षांत ज्यांनी दशांशाची सूट दिली नाही, त्यांच्या पोटच्या पोराने त्यांचे आकडे वाटेत बदलले होते. दुसऱ्या दिवशीची शर्यत तिघांनी कठड्यावरून बघितली. परतीच्या चार तासांच्या रस्त्यात गाडीत कोणी अवाक्षर काढलं नाही, एका वळणावर तिच्या तोंडून सवयीने ‘सावकाश’ निघालं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना ती आरशाकडे बघत म्हणाली, “खोटं लिहिलंस त्याचा राग आहेच. पण खरं दुखतंय ते वेगळंच. मला वाटलं होतं मी बदलले. बदलली होती ती तुझी पाटी.”

“मला तू धड हवी होतीस,” तो म्हणाला. “नंबर कितवा का असेना.”

“ते कळतं रे मला. पण आता मी कशी आहे ते मला कसं कळायचं? मागचा चार दशांशावर असताना मी ढिम्म राहते की पुन्हा हाड मोडून घेते? दोन वर्षांत एकदाही कळू दिलं नाहीस.”

पेंटरला एवढंच कळलं की आपण तिचं हाड वाचवलं आणि दुसरंच काहीतरी मोडून ठेवलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

पाच आठवड्यांनी दुसरा टप्पा होता. सासूबाईंनी सुचवलं की दर वेळी पाटी आधी आपल्याला दाखवावी आणि मगच बाहेर धरावी. आपण स्वतः ती धरायला त्यांची तयारी होती, पण खांदा वर जात नव्हता. सुनेने नकार दिला.

“त्याच्यावर पहारा नको, आई. तो एकट्याने लिहील. खरं लिहिणं त्याला जमतं का, तेही बघू दे.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर क्लबात परत. पिकल्या मिशावाले वाट बघतायत.”

दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीच्या दिवशी पेंटर भिंतीशी उभा राहिला तेव्हा त्याचे हात इतके ओले होते की खडू भिजला. शेजारच्या संघाच्या मेकॅनिकने न मागता त्याला कोरडं फडकं दिलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, “एकोणतीस!” त्याने एकोणतीस लिहिलं. ती गेली. “सत्तावीस!” त्याने सत्तावीस लिहिलं. “सव्वीस!” इथे खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने त्याने सहाचं पोट पुरं केलं आणि पाटी बाहेर धरली. दर वेळी ती समोरून गेली की तो इंजिनाचा आवाज कानात धरून ठेवी, आणि तो पलीकडच्या वळणातून सलग बाहेर पडला की श्वास सोडी.

शेवटची फेरी उरली. “चोवीस!” सासूबाई ओरडल्या. “चोवीस, चोवीस!”

हा आकडा लिहिताना पेंटरला दोन वर्षांत पहिल्यांदा आनंद झाला. खरा होता आणि चांगलाही होता. त्याने तो पाटीभर मोठा लिहिला, खाली रेघ ओढली आणि पाटी डोक्यावर धरली. आता ती वाचेल, सुखरूप आहोत हे तिला कळेल, आता ती वेग कमी करेल, असं त्याला वाटलं. ती आली, पाटीकडे मान वळवून गेली, आणि इंजिनाचा आवाज उतरायच्या ऐवजी चढला. पेंटरने डोळे मिटून घेतले. “डोळे उघड,” मागून आवाज आला, “आणि पाटी सरळ धर.”

आवाज वळणात शिरला. तुटला नाही, गुरगुरला नाही, सलग बाहेर आला. एक वळण, दुसरं, तिसरं. मग ती रेघ ओलांडून गेली आणि पडद्यावर तिच्या नावासमोर २१ उमटलं. सासूबाईंनी स्टॉपवॉच दाबलं आणि ते बराच वेळ हातात तसंच धरून ठेवलं. वेळ वाचायला त्यांना चष्मा पुसावा लागला.

ती आत आली, हेल्मेट काढलं. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले.

“चोवीस लिहिलं होतं ना मी!” पेंटर ओरडला. “मग जीव कशाला धोक्यात घातलास?”

“वाचलं की.”

“मग?”

“तू चोवीस लिहिलंस म्हणजे सत्तावीस असणार, असं धरलं.”

पेंटरचं तोंड पडलं. एवढं इमानाने लिहिलं, सहाचं पोटसुद्धा पुरं केलं, आणि बायकोने त्यात आपले तीन मिळवले. “खरा होता तो आकडा,” तो कसाबसा म्हणाला. “आज सगळे खरे होते.”

“आत्ता पडद्यावर बघितलं तेव्हा कळलं.” तिने हातमोजे काढले आणि त्याच्या खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांवर आपला हात ठेवला. “पण ऐक ना. सत्तावीस धरलं म्हणजे मी बाहेर, आणि फेरी उरली एकच. त्या क्लबच्या शर्यतीत मागचा चार दशांशावर आला तर मी घाबरून हाड मोडलं होतं. आज सगळंच हातातून गेलं असं समजून चालवत होते, आणि ब्रेक प्रत्येक वळणाला जिथे मारायचा तिथेच मारला. एकदाही हात कापला नाही. खोटा आकडा नव्हता रे, ती मीच होते.”

हे सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि पेंटरचे तर आधीच भरले होते. तिचं घाबरणं डब्यामागे लपवून ठेवायची जबाबदारी आपल्यावर नाही, हे कळल्यावर त्याला एकदम हलकंही वाटलं आणि थोडं रिकामंही.

“उद्या शर्यतीत मी तुझा प्रत्येक आकडा खरा धरीन,” ती म्हणाली.

“मुळीच धरू नकोस,” सासूबाई मागून म्हणाल्या. “आज धरला नाहीस म्हणून तीन जागा वर आलीस.”